पुढे जाण्यासाठी ‘ठीक’ दाबा

संपादकांनी फोनवर सांगितलं, ‘‘तुमच्या क्षेत्रातल्या गमतीजमती लिहा. आमच्या वाचकांना कॉम्प्युटरचं फारसं कळत नाही, तेव्हा सोपं ठेवा. दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं.’’ सोपं ठेवते. हलकं ठेवणं जमेलसं वाटत नाही.

मी आठ वर्षं प्रोग्रामर म्हणून पोट भरलं. गाव कोरीट, तालुका नंदुरबार. शिक्षण धुळ्यात, नोकरी नाशकात. कॉलेजात असताना पत्रकं लिहायचे. वसतिगृहाच्या पाण्यावर, अडलेल्या शिष्यवृत्तीवर, बंद पडलेल्या एसटी फेरीवर. पत्रक लिहिणाऱ्याला एक खोड लागते, दोषी कोण ते पहिल्या परिच्छेदात सांगायची. आमचा एक सिनिअर म्हणायचा, ‘‘झेरॉक्सचं पान एकच आहे, त्यात ‘कदाचित’ला जागा नाही.’’ तर सांगून टाकते. सातपुड्यातल्या एका पाड्यावरची आरोग्य कार्यकर्ती रमिलाताई हिचं काम गेलं. ते मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमुळे गेलं. त्या सॉफ्टवेअरवर ‘तपासले, योग्य चालते’ अशी सही आहे, तीही माझीच.

कंपनीचं नाव लिहीत नाही, खात्याचंही नाही. नाव लिहिलं की भांडण नावावर होतं आणि मुद्दा घरी निघून जातो.

काम साधं होतं. डोंगरातल्या पाड्यांवर फिरणाऱ्या कार्यकर्त्या गरोदर बायांना भेटतात. वजन, रक्तदाब, रक्त किती, सिकलसेलचा रक्तदोष आहे का, ते लिहून ठेवतात. हे पूर्वी वहीत व्हायचं. आता मोबाईलमध्ये व्हावं आणि जी बाई जोखमीची, तिचं नाव आपोआप दवाखान्याच्या लाल यादीत जावं, एवढीच मागणी. लाल यादीतल्या बाईला बाळंतपणाच्या काही दिवस आधी दवाखान्याशेजारच्या माहेरघरात आणून ठेवतात. म्हणजे कळा सुरू झाल्यावर डोंगर उतरायची वेळ येत नाही. कल्पना चांगली होती. आजही म्हणेन, चांगलीच होती. चांगल्या कल्पनेची वाट लावायला वाईट माणसं लागत नाहीत. एसीत बसलेली चार हुशार पोरं पुरतात.

आमच्या धंद्यात सुरक्षा या शब्दाला फार मान आहे. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर सुरक्षा म्हणजे कुलूप. पण कुलूप कोणापासून, हे आम्ही विचारत नाही. कुलूप जितकं अवघड तितकं चांगलं, असं धरून चालतो. मी पासवर्डचा नियम केला: आठ अक्षरं, त्यात एक मोठं इंग्रजी अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर महिन्याला बदल. तळोद्याला प्रशिक्षण होतं, तिथे मी दोन तास हेच सांगितलं. पासवर्ड विसरू नका, कोणाला सांगू नका. तीन महिन्यांनी त्याच हॉलमध्ये परत गेले तर लोखंडी कपाटाच्या दारावर काळ्या मार्करने पासवर्ड लिहिलेला. सगळ्या कार्यकर्त्यांचा एकच. महिना बदलला की खालचा आकडा पुसून पुढचा.

‘‘हे काय?’’ मी तिथल्या लिपिकाला विचारलं.

‘‘तुम्हीच म्हणालात ना मॅडम, विसरू नका म्हणून,’’ तो म्हणाला. ‘‘आता कोणीच विसरत नाही.’’

तेव्हा हसले होते. नाशकात जाऊन ही गोष्ट चहाबरोबर सांगितली, सगळे हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. तीस बायका एक नियम एकाच तऱ्हेने मोडतात तेव्हा नियमाकडे बघायचं असतं. आम्ही बायकांकडे बघितलं.

तसंच जन्मतारखेचं. फॉर्ममध्ये जन्मतारीख सक्तीची होती, ‘माहीत नाही’ असा पर्यायच नव्हता. डोंगरात तारीख कोण सांगणार? मग कार्यकर्त्यांनी शाळामास्तरांची जुनी युक्ती वापरली, सरसकट एक जून. मोठ्या साहेबांसमोर आलेख लावला तर ते गंभीरपणे म्हणाले, ‘‘जूनमध्ये इकडे जन्मप्रमाण जास्त दिसतंय, कारण शोधा.’’ झाली का एक गंमत? संपादकांची मागणी पूर्ण. पुढे जाऊ.

चाचणीचं सांगते. सॉफ्टवेअर लिहिलं की ते मुद्दाम मोडून बघायचं असतं. माणूस चुकीचं बटण दाबेल, मधेच फोन येईल, बॅटरी जाईल, नेट जाईल, हे सगळं आपणच करून बघायचं. आम्ही काय केलं? नव्याकोऱ्या मोबाईलवर, ऑफिसच्या वायफायवर, बाईचं नाव ‘टेस्ट टेस्ट’ आणि गावाचं नाव ‘अबक’ टाकून तेरा वेळा ‘पाठवा’ दाबलं. तेरा वेळा गेलं. चाचणी अहवालात एक रकाना होता, ‘प्रत्यक्ष क्षेत्रात चाचणी केली काय?’ हस्तांतराची तारीख तोंडावर होती. मॅनेजर म्हणाला, ‘‘अगं, गच्चीवर जाऊन ये. ऑफिसच्या बाहेर म्हणजे क्षेत्रच.’’ मी गच्चीवर गेले. दोनदा पाठवलं. खाली येऊन रकान्यात ‘होय’ लिहिलं आणि सही केली. गच्चीवरून गोदावरीचा पूल दिसतो. सातपुडा दिसत नाही.

आता मूळ चूक. लक्ष देऊन वाचा, ती फार शहाणपणाची दिसते. मोबाईल चोरीला गेला तर बायांची आजारपणं परक्याच्या हाती पडतील, हे मला पटत नव्हतं. आजही पटत नाही. म्हणून मी नियम घातला की मोबाईलचा सात दिवस मुख्य कॉम्प्युटरशी संपर्क झाला नाही, तर ॲप बंद होईल आणि पुन्हा उघडताना आतली न पाठवलेली माहिती पुसून टाकेल. दुसरा नियम असा की मागच्या तारखेची भेट भरता येणार नाही. कारण बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं, ‘‘या बायका घरी बसून महिन्याच्या भेटी एकदम भरतात.’’ पुरावा काय, हे कोणीच विचारलं नाही. पत्रकं लिहून आलेली मी, मीही नाही. दोन्ही नियम मी एका दुपारीत लिहिले. मॅनेजरने पाठ थोपटली.

ॲप पुसण्याआधी एक चौकट दाखवायचं. तिच्यातला मजकूर घाईत मीच टाईप केला होता: ‘सत्र संपले आहे. पुढे जाण्यासाठी ठीक दाबा.’ खाली एकच बटण. ठीक. नोंदी जातील, हा शब्द कुठेच नाही.

त्यानंतर खात्याकडून पत्र निघालं की दुहेरी काम नको, वह्या जमा करा. वह्या जमा झाल्या.

काही महिन्यांनी तक्रारींच्या यादीत एक ओळ आली. पाठवणारी रमिला. ‘कधी कधी सगळं रिकामं होतं. भेट परत भरता येत नाही. काय करायचं.’ मी ऑफिसात मोबाईल घेऊन बसले, भेट भरली, पाठवली, परत उघडली. रिकामं होईना. आमच्या धंद्यातला सगळ्यात निर्लज्ज शेरा म्हणजे ‘आमच्याकडे चालते.’ तो लिहिला. कारणाच्या जागी ‘वापरकर्त्याची चूक’ निवडलं आणि तक्रार बंद केली. वेळ लागला चार-पाच मिनिटं.

पुढच्या उन्हाळ्यात मॅनेजरने बोलावलं. एका पाड्यावर जमना नावाच्या बाईचं बाळ गेलं होतं. बाई सिकलसेलची, रक्त कमी, म्हणजे जोखमीची. पण लाल यादीत तिचं नाव नव्हतं. कळा लागल्यावर झोळीतून खाली आणताना वाटेतच बाळंत झाली. ती वाचली, बाळ नाही. मोबाईलच्या नोंदीप्रमाणे कार्यकर्ती शेवटचे दोन महिने तिच्याकडे फिरकलीच नव्हती. कार्यकर्तीची चौकशी लागली होती आणि तांत्रिक माहिती द्यायला कंपनीचा माणूस हवा होता.

‘‘तुझंच गाव जवळ आहे,’’ मॅनेजर म्हणाला. ‘‘जा, सांग की नोंद नाही म्हणजे भेट नाही, आणि ये.’’

कार्यकर्तीचं नाव वाचलं तेव्हा कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. तेवढंच.

चौकशी तळोद्याला होती. मी एक दिवस आधी गेले. पाडा बघून यावं, एवढं तरी करावं, असं वाटलं. तळोद्याहून वर जाणारी जीप गुलाबभाऊंची. पन्नाशीचा माणूस, गळ्यात रुमाल, अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं माझ्यावर.

‘‘कोन्या खात्यातल्या, मॅडम?’’

मी शुद्ध मराठीत काहीबाही सांगितलं. मग घाटात जीप उसळली, डोकं टपाला आदळलं आणि तोंडातून घरची अहिराणी निघून गेली, ‘‘आवो माय, मरी गवू ना!’’

गुलाबभाऊंनी ब्रेकच दाबला. ‘‘तू आठली शे? कोन्या गावनी?’’

‘‘कोरीटनी.’’

‘‘मंग कवयपासून हाई मराठी कसाले झाडी ऱ्हायनी, बहीण?’’

तिथून पुढे बोलणं मोकळं झालं. मोकळं झालं म्हणूनच मला ती पिशवी दिसली. आरशाच्या दांडीला एक खाकी कापडी पिशवी अडकवलेली, आत काहीतरी एकमेकांवर आपटत होतं. विचारलं तर म्हणाले, मोबाईल.

वर टॉवर नाही. म्हणून अकरा पाड्यांच्या कार्यकर्त्या आपापले मोबाईल बाजाराच्या आदल्या दिवशी गुलाबभाऊंकडे देतात. घाट उतरताना एका वळणावर नेटवर्कच्या दोन कांड्या येतात. तिथे ते जीप बाजूला घेतात, एकेक मोबाईल काढून ‘पाठवा’ दाबतात, पासवर्ड विचारला तर टाकतात. तो त्यांना पाठ होता, कपाटावरचाच. मग संध्याकाळी वर येऊन मोबाईल परत करतात. याबद्दल त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कोणी काही देत नव्हतं. जीपमधली माणसंही तेवढा वेळ उतरून पाय मोकळे करायची. आमच्या कंपनीने ज्याला ‘माहिती प्रेषण यंत्रणा’ म्हणून बैठकीत स्लाईड दाखवली, ती यंत्रणा म्हणजे ही पिशवी.

मी तेव्हाच मनात हिशेब मांडला. आठवड्याचा बाजार. सात दिवस. जीप वेळेवर गेली तर नोंदी पोचणार, दोन तास उशीर झाला तर पुसणार.

‘‘भाऊ, होळीना टाईमले पिशवी कवय लई गयथात?’’

‘‘होळीले कशी लई जाऊ? तठे तर भोंगऱ्या बाजार. जीपमा मानूस मावत नही, टपवर ढोल, मांगे लटकेल पोऱ्या. वीस दिन पिशवी खुटीले टांगेल व्हती.’’ मग स्वतःहून म्हणाले, ‘‘मंग उतारावर बठ्ठा मोबाईल उघाडात. त्यावर काहीतरी लिखेल वनं. पुढे जावासाठे ठीक दाबा. दुसरं काही दाबाले व्हतंच नही. मंग मी ठीक दाबं. अकरा डाव दाबं.’’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘काही चूक व्हयनी का मन्ही?’’

‘‘नही,’’ मी म्हटलं. ‘‘तुमनी नही.’’

रमिलाताईंचं घर पाड्याच्या वरच्या टोकाला. चाळिशीच्या असतील. अंगणात महू वाळत घातलेला, त्या मोहफुलांच्या वासाने डोकं जड होत होतं. मी कोण ते सांगितलं. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. खात्यातल्या माणसाशी बोलतात तसं जपून, शाळेतल्या मराठीत बोलत होत्या.

‘‘मॅडम, मी मागे तक्रार केली होती. ती तुमच्याकडे येते का?’’

‘‘येते.’’

‘‘वाचली होती का कोणी?’’

‘‘मी वाचली.’’

‘‘मग?’’

मी जे समजलं ते सांगितलं: सात दिवस, पिशवी, ठीक. त्या ऐकत होत्या. रागावतील असं वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘जमनाकडे चारदा गेले मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चारही वेळा भरलं. लाल खूणसुद्धा केली. खालून बोलावणं येईल म्हणून तिच्या सासूने गाठोडं बांधून ठेवलं होतं. बोलावणं आलं नाही. मला वाटलं, माहेरघर भरलं असेल.’’ मग माझ्या मोबाईलकडे बोट दाखवून, ‘‘आमची वही असती तर मी वही दाखवली असती. वहीतलं पान कोणी ठीक म्हणून फाडत नाही.’’

दुसऱ्या दिवशी चौकशी. टेबलाच्या एका बाजूला चौकशी अधिकारी, लिपिक आणि मी. दुसऱ्या बाजूला रमिलाताई उभ्या. जमना आली होती, आपणहून, सासूला घेऊन. विशीतली पोर, तोंडावर पिवळेपणा. तिला मराठी येत नव्हती आणि खोलीत तिची पावरी बोली येणारी एकटी रमिलाताई.

‘‘जिची चौकशी तीच दुभाषी कशी चालेल?’’ अधिकारी म्हणाले. ते वाईट नव्हते. नियमाला धरून होते, इतकंच. शेवटी बाहेर जीप पुसत बसलेल्या गुलाबभाऊंना बोलावलं. ते रुमाल हातात धरून आत आले आणि परीक्षेला बसल्यासारखे उभे राहिले.

‘‘विचारा हिला, कार्यकर्ती किती वेळा आली?’’

जमनाने चार बोटं दाखवली. त्याला दुभाषी लागला नाही.

‘‘तारखा?’’

जमना बोलत राहिली. गुलाबभाऊ सांगत गेले, ‘‘साहेब, ती म्हणते पहिल्यांदा आली तेव्हा शेळी व्यालेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा महू पडायला लागला होता, ही झाडाखाली होती, रमिलाबाईने तिथेच हात धरून घरी आणलं, वाकू नको म्हणाली. तिसऱ्यांदा होळीची लाकडं आणत होते तेव्हा. चौथ्यांदा होळीच्या तोंडावर, हिचा नवरा भोंगऱ्यासाठी ढोल नीट करत होता.’’

‘‘तारीख सांगा म्हणावं.’’

‘‘तारीख...’’ गुलाबभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तारीख नाही तिच्याकडे, साहेब.’’

लिपिकाने लिहिलं: साक्षीदारास तारखा सांगता आल्या नाहीत.

मग अधिकारी माझ्याकडे वळले. ‘‘मॅडम, तुम्ही तज्ज्ञ आहात. नोंद नाही याचा अर्थ भेट झाली नाही, असं म्हणता येईल?’’

‘‘नाही. नोंदी झाल्या होत्या. पुसल्या गेल्या. पुसणारी आज्ञा मी लिहिली आहे.’’

मी माझा मोबाईल टेबलावर ठेवला. सगळ्यांदेखत एक भेट भरली, नेट बंद केलं, मोबाईलची तारीख आठ दिवस पुढे केली, ॲप उघडलं. चौकट आली. ठीक दाबलं. रिकामं. गुलाबभाऊ एकदम म्हणाले, ‘‘हां! हाईच ते!’’

अधिकाऱ्यांनी मोबाईल हातात घेऊन नीट बघितला. ‘‘हे तुमच्या मोबाईलवर झालं,’’ ते म्हणाले. ‘‘तिच्या मोबाईलवर हेच झालं, हे कशावरून?’’

‘‘अकरा मोबाईल वीस दिवस गप्प होते आणि एकाच दुपारी, एकाच ठिकाणाहून नव्याने उघडले. मुख्य कॉम्प्युटरवर दिसतं. एकट्या रमिलाताईंच्या नाही, अकराही जणींच्या नोंदी गेल्या आहेत. त्याआधीही ज्या ज्या बाजाराला जीप उशिरा पोचली, त्या त्या वेळी गेल्या आहेत.’’

‘‘मग तसं कंपनीच्या लेटरहेडवर द्या. मी घेतो.’’

मी त्याच दिवशी नाशिकला कळवलं. उत्तर चार दिवसांनी आलं, माझ्याकडे नव्हे, थेट चौकशी अधिकाऱ्यांकडे. त्यात लिहिलं होतं की सॉफ्टवेअर मान्य चाचणी अहवालानुसार कार्यरत असून प्रत्यक्ष क्षेत्रातील चाचणीही यशस्वी झालेली आहे. तसेच याविषयीची एक तक्रार पूर्वीच तपासून ‘वापरकर्त्याची चूक’ म्हणून निकाली काढण्यात आली होती. सोबत अहवालाची प्रत. खाली माझी सही.

मी साध्या कागदावर चार पानं लिहून दिली. ती फायलीत ‘वैयक्तिक मत’ म्हणून लागली. एका बाजूला गच्चीवर केलेली माझी सही, दुसऱ्या बाजूला डोंगरावर जाऊन आलेली मी. फायलीने सही खरी मानली. फायलीचं काय चुकलं? सही करताना मला कोणी धाक घातला नव्हता.

रमिलाताईंना कामावरून कमी केलं. बावीस वर्षं त्या पाडे चालत होत्या.

पुढच्या आवृत्तीत कंपनीने दुरुस्ती केली. नोंदी आता पुसत नाहीत. बदलांच्या यादीत लिहिलंय, ‘किरकोळ सुधारणा.’ मी राजीनामा दिला, पण त्यात शौर्य शोधू नका. राजीनाम्याने एकही नोंद परत आली नाही, आणि मला दुसरी नोकरी दोन महिन्यांत मिळत होती. रमिलाताईंना ती सोय नव्हती.

आता मी कोरीटला राहते, लोकांच्या वेबसाईटी बांधून पोट भरते, आणि पुन्हा पत्रकं लिहिते. म्हसावद, शहादा, तळोदा, जिथे बाजार तिथे वाटते. लोक विचारतात, मोबाईलवर कसलं आंदोलन? मी सांगते, ज्या यंत्रात तुमचं नाव आहे ते यंत्र कुठे बसून तपासलं, ते विचारा. त्यात ‘माहीत नाही’ म्हणायची सोय आहे का, ते बघा. तुमची तक्रार कोणी ‘वापरकर्त्याची चूक’ म्हणून बंद केली असेल, तर करणाऱ्याचं नाव मागा. वही काढून घेत असतील तर देऊ नका. आणि माझ्या धंद्यातल्या पोरापोरींना सांगते: ज्या माणसावर तुम्ही कुलूप घालताय, त्याच्या घरी एकदा मुक्काम करून या. तुमचं ‘ठीक’ कोण दाबणार आहे, त्याच्या शेजारी बसून बघा. त्याचा अंगठा कुठे अडतो, ते बघा. नसेल जमत तर सही करू नका. बहुतेक जण पत्रक घडी करून खिशात घालतात. काही जण त्यात भजी बांधतात. बांधू देत.

या वर्षी रमिलाताईंचा फोन आला, घाटातल्या त्या वळणावरून, गुलाबभाऊंच्या मोबाईलवरून. त्या कधी करत नाहीत. ‘‘जमना परत पोटुशी आहे. दिवस भरत आले. तिला खाली आणतेय. तुम्ही येता का?’’

नव्या कार्यकर्तीकडे तीन पाडे जास्तीचे होते, ती जमनापर्यंत पोचली नव्हती. जमना स्वतःच रमिलाताईंच्या अंगणात जाऊन बसली होती. म्हणाली, तू येत होतीस तशी ये. ना काम, ना मोबाईल, ना पगार, तरी रमिलाताई महिनाभर जात राहिल्या आणि वेळ बघून तिला घेऊन निघाल्या.

दवाखान्याच्या ओट्यावर मी त्यांना भेटले. आत एक तरुण नर्स टॅब घेऊन बसली होती, वागायला गोड. तिने जमनाला खुर्ची दिली, नाव लिहिलं, सिकलसेलची खूण केली. मग विचारलं, ‘‘सोबत कोण आलंय?’’

‘‘कार्यकर्ती,’’ रमिलाताई सवयीने म्हणाल्या.

‘‘कोड सांगा.’’

रमिलाताईंनी सहा आकडे धडाधड सांगितले. नर्सने टाकले, परत टाकले. ‘‘बंद दाखवतोय हो. पुढे जातच नाही.’’ तिने यादी उघडून आमच्याकडे फिरवली. पती, आई, सासू, कार्यकर्ती, इतर. ही यादी मी नाशकात बसून केली होती, पाच नावं, त्यावर एक मिनिटही खर्च केलेला नव्हता. ‘‘यांच्यापैकी तुम्ही कोण? नाहीतर मी ‘इतर’ टाकते, चालेल?’’

रमिलाताईंनी यादी वरून खालपर्यंत वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

‘‘काय टाकायचं ते टाका,’’ त्या नर्सला म्हणाल्या, ‘‘पण आधी तिला आत घ्या.’’